नेमलेलं पुस्तक कुणाचं?

१४ डिसेंबर १९२३. लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या खटल्यांसाठी अपिलाच्या शेवटच्या पायरीनं, मुंबईतल्या एका शालेय पुस्तकावरच्या भांडणाचा निकाल दिला. वादी होते मॅकमिलन, इंग्रजी क्रमिक पुस्तकांच्या धंद्यातलं मोठं नाव. प्रतिवादी होते के. अँड जे. कूपर, मुंबईत शैक्षणिक पुस्तकं काढणारे प्रकाशक. पुस्तक होतं अलेक्झांडरचं चरित्र, मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांसाठी.

आता या चरित्राची वंशावळ बघा. मूळ लेखक प्लुटार्क. त्यानं ते ग्रीकमध्ये लिहिलं, त्याला अठराशे वर्षं होऊन गेलेली. त्याचं फ्रेंच भाषांतर झालं, आणि त्या फ्रेंचवरून सर टॉमस नॉर्थ यांनी १५७९ साली इंग्रजी भाषांतर केलं. मॅकमिलननं नॉर्थच्या साधारण ४०,००० शब्दांतले निम्मे गाळले, उरलेले वीसेक हजार शब्द सलग वाटतील असे जोडले, सोबत प्रस्तावना आणि टिपा घातल्या आणि पुस्तक बाजारात आणलं. कूपरनंही तसंच पुस्तक काढलं: तोच संक्षेप आणि बऱ्याच त्याच टिपा. मॅकमिलन कोर्टात गेले.

निकालाचे दोन भाग होते. पहिला असा, की जुन्या मजकुरातले उतारे नुसते काढून जोडल्यानं नवा हक्क तयार होत नाही. त्यासाठी मूळ मालात नव्हतं असं काही तरी तुमच्या कष्टानं, कौशल्यानं त्यात यावं लागतं. दुसरा भाग असा, की टिपांचं तसं नाही. विद्यार्थ्याला काय अडेल, काय समजावून सांगावं लागेल, हे ओळखून कुणी तरी डोकं चालवलेलं असतं. टिपांवर मॅकमिलनचा हक्क आहे आणि कूपरनं तो मोडला आहे. थोडक्यात, मूळ मजकूर सगळ्यांचा आणि टिपा ज्याच्या त्याच्या.

कॉपीराइटच्या कायद्यात हा निकाल 'ओरिजिनल' कशाला म्हणायचं यासाठी शिकवला जातो. मला त्यातला प्रश्न वेगळा वाटतो. निम्म्या केलेल्या प्लुटार्कसाठी दोन प्रकाशक मुंबईहून लंडनपर्यंत का भांडले असतील? वाङ्मयाच्या प्रेमापोटी नक्कीच नाही. कारण एकच होतं. अभ्यासक्रमात नाव आलं, की ते पुस्तक 'नेमलेलं पुस्तक' होतं आणि त्याचं अर्थशास्त्रच बदलतं. कादंबरी महाग वाटली तर वाचक दुसरी घेतो. नेमलेलं पुस्तक निवडतो अभ्यासमंडळातला माणूस, वाचतो विद्यार्थी आणि पैसे देतो बाप. निवडणारा, वापरणारा आणि पैसे देणारा असे तिघं वेगळे असले, की किंमत हवी तशी ताणता येते.

वर्गातल्या कॉपीराइटच्या आपल्याकडच्या इतिहासाच्या मुळाशी ही सक्ती आहे. ती लक्षात ठेवली तर पुढचा सगळा प्रवास नीट लागतो.

भाषांतर म्हणजे नक्कल का?

अठ्ठावीस वर्षं मागे जाऊ. १८९५ साली हेच मॅकमिलन मुंबई उच्च न्यायालयात हरले होते. तेव्हा समोर होते शम्सुल उलमा, खान बहादूर झकाउल्ला, दिल्लीचे गणिताचे पंडित. त्यांनी मॅकमिलनची शालेय गणिताची पुस्तकं उर्दूत आणली होती. मॅकमिलनचं म्हणणं, ही आमच्या मालाची नक्कल आहे. हिंदुस्थानात तेव्हा १८४७ चा कॉपीराइट कायदा लागू होता आणि त्यात भाषांतराचा हक्क लेखकाला वेगळा दिलेला नव्हता. कोर्ट म्हणालं, दुसऱ्या भाषेत नेणं म्हणजे प्रत काढणं नव्हे.

हा निकाल उलटा लागला असता तर काय झालं असतं, याचा विचार मराठी माणसानं जरूर करावा. आपलं शालेय शिक्षण भाषांतरावर उभं राहिलेलं आहे. १८२० च्या दशकात बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या कामात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी इंग्रजी गणित मराठीत आणलं. नंतरच्या काळात भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान सगळं इंग्रजीतूनच आलं, कधी सरळ भाषांतर होऊन तर कधी 'आधारे' असं म्हणून. त्या प्रत्येक पुस्तकासाठी लंडनच्या प्रकाशकाची परवानगी आणि फी लागली असती, तर मराठी शाळेत त्रैराशिक पोचायला आणखी किती वर्षं लागली असती कोण जाणे.

ही मोकळीक पुढे आकसत गेली. १९११ च्या ब्रिटिश कायद्यानं भाषांतराचा हक्क लेखकाकडे दिला. १९१४ साली तो कायदा इथं लागू करताना मात्र एक सवलत राखली गेली: ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या भाषांतराचा हक्क लेखकाकडे दहाच वर्षं राहील. तेवढ्या काळात एखाद्या भाषेत अधिकृत भाषांतर निघालं नाही, तर त्या भाषेपुरतं दार उघडं.

पाच वर्षांत दोन उतारे

त्याच १९११ च्या कायद्यात शाळेसाठी आणखी एक खिडकी होती आणि ती थोड्याफार बदलांनी आजही उघडी आहे. शाळेसाठी धडे आणि कवितांचा संग्रह करायचा असेल, तर त्यात हक्क संपलेला मजकूर जास्त असावा. मग एखाद्या हयात लेखकाचे छोटे उतारे परवानगीशिवाय घेता येतात. पण एका प्रकाशकानं एका लेखकाचे पाच वर्षांत दोनच घ्यायचे, आणि तेही शाळेसाठी न लिहिलेल्या पुस्तकातले. आपल्या आजोबांच्या पिढीनं 'नवयुग वाचनमाला' किंवा 'अरुण वाचनमाला' वाचली. तेव्हाही कुठला धडा फुकट घेता येतो आणि कुठल्यासाठी लेखकाला पत्र लिहावं लागतं, याची कायद्यातली मोजपट्टी हीच होती.

१९५७ चा आपला स्वतंत्र कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्याच्या ५२ व्या कलमात वर्गासाठीच्या सवलती एकत्र आल्या. शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत हा हक्कभंग नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा छापणं हाही नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलांनी आणि शिक्षकांनी एखादं नाटक केलं आणि प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी थेट संबंधित असे असले, तर तेही चालतं. तेच नाटक तिकीट लावून गावासाठी केलं, की परवानगी लागते.

हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर आधी ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोरांच्या लेखनावरचे हक्क १९९१ अखेर संपत आले, तेव्हा ती ६० केली गेली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांची आहे. बहिणाबाई गेल्या १९५१ मध्ये, पण त्यांची गाणी पुस्तकरूपात आली १९५२ मध्ये. मृत्यूनंतर प्रकाशित झालेल्या लेखनाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. त्यामुळे ती २०१३ पासून मोकळी आहेत.

झेरॉक्सवाला आणि ऑक्सफर्ड

'शिकवण्याच्या ओघात' या शब्दांची खरी परीक्षा झाली ती २०१२ मध्ये. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला. सोबत दिल्ली विद्यापीठालाही प्रतिवादी केलं. शिक्षकांनी अभ्यासक्रमाप्रमाणे वेगवेगळ्या पुस्तकांतली पानं नेमून दिली होती. दुकानदार त्यांचे संच बांधून, पानामागे रुपयापेक्षा कमी दरानं विकत होता. प्रकाशकांचं म्हणणं, सवलत आहे ती शिक्षकाला, दुकानदाराला नाही. आणि 'शिकवण्याचा ओघ' म्हणजे प्रत्यक्ष तास चालू असताना.

१६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. विद्यार्थी पूर्वी ग्रंथालयात बसून हातानं उतरवून घेत होताच, तेच काम आता यंत्र करतं म्हणून ते बेकायदा होत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. लेखकाचा हक्क हा देवानं दिलेला किंवा नैसर्गिक हक्क नाही. ज्ञान वाढावं म्हणून समाजानं तो कायद्यानं दिलेला आहे, असंही ते म्हणाले. डिसेंबरमध्ये खंडपीठानं निकालाचा गाभा कायम ठेवला: किती पानं यावर सरसकट मर्यादा नाही, शिकवण्यासाठी तेवढं लागतं का हे बघायचं. तेवढा मुद्दा तपासायला प्रकरण परत पाठवलं गेलं, पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं या निकालावरचं अपील दाखल करून घ्यायला नकार दिला. या सगळ्यात खुद्द ज्यांची पानं त्या संचांत होती असे अनेक अभ्यासक विद्यार्थ्यांच्या बाजूनं बोलले. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना दावा मागे घ्यायला सुचवलं.

कोर्टानं 'सक्ती' हा शब्द माझ्या अर्थानं वापरलेला नाही. पण निकालात तीच जाणीव आहे. विद्यार्थ्यानं ती पानं हौसेनं निवडलेली नव्हती, ती त्याला नेमून दिलेली होती.

धायरी फाट्यावरचे दोन ढीग

हा निकाल झेरॉक्सला सरसकट मोकळं रान देतो, असा समज मात्र बरोबर नाही. धायरी फाट्याच्या आसपास किंवा सिंहगड रस्त्यावर कुठंही, परीक्षेच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात गेलात तर दोन ढीग दिसतील. एकात मॅडमनी नेमलेली पानं असतात: एका परदेशी पुस्तकातलं एक प्रकरण, दुसऱ्यातल्या चार आकृत्या. दिल्लीचा निकाल थेट या ढिगाबद्दल आहे. दुसऱ्या ढिगात 'लोकल ऑथर'चं अख्खं पुस्तक असतं, युनिटप्रमाणे, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नांसकट. ते कुठल्याही शिक्षकानं वर्गासाठी काढलेलं नसतं, आणि अप्पा बळवंत चौकात त्याची छापील प्रत मिळत असते. टेलिग्रामवर फिरणारी पीडीएफ म्हणजे हाच दुसरा ढीग, फक्त कागदाशिवाय.

कॉलेजात आम्ही या लोकल ऑथरना हसायचो. भाषा ठोकळेबाज, आकृत्या पुसट. पण १९२३ च्या निकालाच्या डोळ्यांनी बघितलं तर वेगळं चित्र दिसतं. अलेक्झांडरच्या पुस्तकातल्या टिपा लिहिणारा माणूस हाच. विद्यार्थी कुठं अडतो हे त्याला ठाऊक आहे, आणि त्याच्याकडे विकण्यासारखं आहे ते एवढंच. मोठ्या परदेशी प्रकाशकाचं एक प्रकरण झेरॉक्स केल्यानं त्याचं फारसं बिघडत नाही. या लेखकाची अख्खी आवृत्ती एका पीडीएफमध्ये बुडू शकते.

सक्तीवर शासनानं काढलेला तोडगाही आपल्याच शहरात आहे. २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे 'बालभारती', सुरू झालं. पुस्तक सक्तीचं, तर ते स्वस्तात पुरवण्याची जबाबदारीही सक्ती करणाऱ्याची. आज त्या पुस्तकांच्या पीडीएफ मंडळाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. पण त्याच पुस्तकात सर्व हक्क मंडळाकडे असल्याची आणि लेखी परवानगीशिवाय मजकूर उद्धृत न करण्याची सूचनाही असते. वाचायला मोकळं, वापरायला विचारून.

दहावी झाली, की ही जबाबदारी विरळ होत जाते. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात 'संदर्भ ग्रंथ' म्हणून हजार-दीड हजारांची पाच-सहा नावं लिहून मंडळ मोकळं होतं. ग्रंथालयात त्याच्या प्रती किती, हे कुणी विचारत नाही. उरलेलं काम झेरॉक्सवाला करतो आणि चोर मात्र तोच ठरतो.

२०२१ पासून एआयसीटीईनं मराठीसह काही भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, आणि झकाउल्लांचा प्रश्न परत दारात आला: भाषांतर कोण करणार, आणि कुणाला विचारून? १९८३ च्या दुरुस्तीनं यासाठी एक वाट करून ठेवलेली आहे. परदेशी पुस्तक शिक्षणासाठी भाषांतरित करायचा परवाना एरवी तीन वर्षांनी मागता येतो. जी भाषा कुठल्याही विकसित देशात सर्रास वापरली जात नाही, तिच्यासाठी एकाच वर्षानं. मराठी या दुसऱ्या गटात बसते. प्रकाशकानं परवानगी नाकारली, तरी रीतसर अर्ज करून आणि ठरलेली रॉयल्टी देऊन भाषांतर करता येतं.

हा अर्ज एकट्या विद्यार्थ्यानं किंवा झेरॉक्सवाल्यानं करायचा नाही. जो पुस्तक नेमतो, त्यानं करायचा आहे.