पातळ कडेचे रिव्हॉल्व्हर

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल उडवलेल्या प्रत्येकाला एक अनुभव असतो. चाप ओढला, घोडा पडला, पण आवाज झालाच नाही. मग आपण शोधू लागतो: टिकली दमट होती, गुंडाळी पुढे सरकली नाही, की घोडाच ढिला झाला? दोष टिकलीचा की पिस्तुलाचा? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर खरी रिव्हॉल्व्हरे घडवणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता. त्याच्या उत्तराने शस्त्रउद्योगाला वेगळे वळण लागले.

त्यापूर्वीचे रिव्हॉल्व्हर भरणे हे वेळखाऊ काम होते. सिलिंडरच्या प्रत्येक घरात समोरून दारू ओतायची, वर गोळी ठासायची आणि मागे तांब्याची टोपी बसवायची. पाऊस आला की सगळेच बेभरवशाचे. १८४५च्या सुमारास पॅरिसचे बंदूककार लुई फ्लोबेर यांनी टोपी आणि गोळी एकत्र केली. टोपीच्या बुडाला बाहेर आलेली कड होती आणि ती काडतुसाला जागेवर धरून ठेवी. अमेरिकेत होरेस स्मिथ व डॅनियल वेसन यांनी या कल्पनेवर काम करून काडतुसाच्या पोकळ कडेतच स्फोटक मसाला भरला. घोड्याने कड चिरडली की मसाला पेटे आणि त्याने दारू पेटे. हेच रिमफायर काडतूस.

असे काडतूस मागून भरायचे, तर सिलिंडरची घरे आरपार हवीत. त्याचे पेटंट ३ एप्रिल १८५५ रोजी रोलिन व्हाइट यांनी मिळवले होते. त्यांचे स्वतःचे रिव्हॉल्व्हर व्यवहारात चालण्यासारखे नव्हते, पण आरपार घरांचा हक्क त्यांचा होता. १८५६ साली स्मिथ आणि वेसन यांनी तो प्रत्येक शस्त्रामागे २५ सेंट देऊन वापरायला घेतला. करारात एक मेख होती: पेटंट मोडणाऱ्यांशी कोर्टात लढायचे, ते व्हाइट यांनी.

१८५७ साली स्प्रिंगफील्ड येथे पहिले मॉडेल तयार झाले. पितळी चौकट, सात घरे आणि जेमतेम पाव इंचाहून कमी व्यासाची गोळी. त्याबरोबर दुखणीही आली. काडतुसाचे नळकांडे पातळ तांब्याचे होते. बार झाला की त्याचे बूड मागे फुगे, चौकटीला घासे आणि सिलिंडर फिरेनासा होई. यावर कारखान्याने सिलिंडरमागे, त्याच्याबरोबर फिरणारी एक चकती बसवली. फुगवटा चौकटीऐवजी चकतीवर टेके आणि दोन्ही एकत्र फिरत. दोष काडतुसाचा होता, उपाय मात्र यंत्रात शोधावा लागला.

अशा जुन्या रिव्हॉल्व्हरची तपासणी करणारा जाणकार आजही आधी हीच विभागणी करतो. न उडालेले काडतूस थोडे फिरवून पुन्हा ठोकले आणि ते उडाले, तर कडेत त्या जागी मसाला पोचलेला नव्हता. नेमके एकच घर पुन्हा पुन्हा दगा देत असेल, तर रिकामा घोडा पाडण्याची कोणाची तरी सवय त्याला नडलेली असते. मध्ये काडतूस नसले की घोड्याचे टोक थेट घराच्या काठावर आदळते, तिथे धातूचा उंचवटा उठतो आणि पुढचे काडतूस नीट बसत नाही. सगळीच घरे हुकत असतील, तर कमानीचा जोर किंवा घोड्याच्या टोकाची झीज पाहायची.

नेमाचेही तसेच. बंदुकीत एक घर आणि एक नळी; इथे घरे सात आणि नळी एकच. प्रत्येक घर नळीसमोर अचूक येऊन थांबले पाहिजे. सिलिंडर अडवणारा खटका झिजला की गोळी नळीच्या तोंडाशी एका बाजूने तासली जाते आणि शिशाचे कण उडतात. म्हणून घरांना क्रमांक देऊन प्रत्येकाच्या गोळ्या निरनिराळ्या लक्ष्यांवर झाडतात. एकाच घराच्या गोळ्या भरकटल्या, तर दोष त्या घरात. सगळ्याच भरकटल्या, तर नळीत, तिच्या बिजागरीत, नाहीतर नेम धरणाऱ्यात. मार्क ट्वेन १८६१ साली पश्चिमेकडे निघाले तेव्हा त्यांच्यापाशी हेच सात बारांचे रिव्हॉल्व्हर होते. पुढे प्रवासवर्णनात त्यांनी त्याच्या नेमाची यथेच्छ थट्टा केली.

खरे दुखणे मात्र कुठल्याही कारागिराच्या हातचे नव्हते. कड घोड्याने चिरडायची, तर ती पातळच हवी. आणि कड पातळ, म्हणजे बूडही पातळ. दारू वाढवली की काडतूस फाटणार. ज्या गुणामुळे ते चालत होते, त्याच गुणाने त्याची ताकद बांधून टाकली होती. त्यावर उतारा म्हणजे जाड बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र टोपी, अर्थात सेंटरफायर काडतूस.

तोवर व्हाइट खटले लढून थकले होते. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींची मते समसमान पडली, म्हणून पेटंट टिकले. पण १८६९ साली त्याची मुदत संपली. मुदतवाढीचे विधेयक काँग्रेसने संमत केले, मात्र जानेवारी १८७०मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते नाकारले. या पेटंटामुळे युद्धकाळात सरकारची अडचण झाली, असा लष्करी शस्त्रखात्याच्या प्रमुखांचा अभिप्राय त्यांच्यापुढे होता. आता वाट सर्वांना मोकळी झाली. १८७३ साली कोल्टचे प्रसिद्ध लष्करी रिव्हॉल्व्हर आले, ते सेंटरफायर काडतुसाचे.

पातळ कड मात्र संपली नाही. जिथे ताकद नको आणि स्वस्ताई हवी, तिथे ती टिकली. १८८७च्या सुमारास आलेले पॉइंट टू टू लाँग रायफल काडतूस आज जगभर सरावासाठी आणि स्पर्धांसाठी वापरले जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, ते याच जातीच्या काडतुसावर. त्या पिस्तुलात सिलिंडर नसतो. घर एक, नळी एक. सात घरे एका नळीशी जुळवण्याचा स्प्रिंगफील्डच्या कारागिरांना छळणारा प्रश्न तिथे उरतच नाही. काडतूस तेच राहिले, बदलले ते यंत्र.