एका डॉलराचें बदक

वैनगंगेच्या कांठीं, भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांत, गोसीखुर्द या गांवापाशीं जें अफाट पाणी आज पसरलेलें दिसतें, तें नदीनें आपण होऊन सांचविलेलें नाहीं. २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें तेथील धरणाची कोनशिला बसली. पुढें नदीस ३३ दरवाजांचा बांध पडला, आणि अनेक गांवांच्या घरादारांवर व शेतांवर पाणी चढलें. थंडी पडली कीं उत्तरेकडून येणाऱ्या बदकांस यांतलें कांहींच ठाऊक नसतें. त्यांना पाणी दिसतें आणि तीं उतरतात. पाण्याची किंमत मात्र कोणीतरी मोजलेली असते. पांखरांच्या पाण्याची किंमत कोणीं मोजावी, या प्रश्नास अमेरिकेनें १९३४ सालीं एक विलक्षण उत्तर दिलें. आणि तें उत्तर कायद्याच्या कागदावर जितकें आहे, तितकेंच चित्रकाराच्या कागदावरही आहे.

त्या देशांत बदकांच्या विणीचा जो गवताळ प्रदेश, तेथील दलदली शेतीसाठीं चर खणून कोरड्या करण्यांत आल्या होत्या. त्यांतच १९३० नंतर अवर्षणाची आणि धुळीच्या वादळांची सालें आलीं. पाखरें मारण्यावर निर्बंध घालणारा कायदा १९१८ पासून होता; त्यांच्यासाठीं जमीन विकत घेण्याची परवानगी देणारा दुसरा कायदा १९२९ सालीं झाला. परंतु जमीन परवानगीनें मिळत नाहीं, पैशानें मिळते, आणि पैशाची कायमची तजवीज त्या कायद्यांत नव्हती. ती १६ मार्च १९३४ रोजीं झाली. सोळा वर्षांवरील प्रत्येक बदकशिकाऱ्यानें दरसाल एक डॉलराचें तिकीट घ्यावें आणि त्या पैशांतून पाणथळ जागा राखाव्या, असा तो कायदा होता. जो पाखरूं मारतो त्यानेंच त्याच्या घराचें भाडें भरावें, असा हा सरळ हिशेब होय.

याच सुमारास राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं वन्यजीवांकडे पाहणाऱ्या सरकारी खात्यावर जय नॉर्वुड डार्लिंग या गृहस्थास नेमलें. डार्लिंग हे आयोवा प्रांतांतील एका वृत्तपत्राचे व्यंगचित्रकार. 'डिंग' या सहीनें ते चित्रें काढीत. पक्षानें ते रूझवेल्ट यांच्या विरोधी गोटांतले, आणि त्यांच्या कुंचल्याचे फटकारे अध्यक्षांसही बसत. टीकाकाराच्याच मानेवर जूं ठेवण्याची ही युक्ति मोठी नामी म्हटली पाहिजे. पहिल्या तिकिटाचें चित्रही डार्लिंग यांनींच काढलें: मॅलार्ड जातीचें एक बदकांचें जोडपें पंख आवरीत दलदलीच्या पाण्यावर उतरत आहे. धोब्याकडून येणाऱ्या सदऱ्यांत घातलेल्या पुठ्ठ्यावर त्यांनीं तें घाईघाईनें रेखाटलें होतें, आणि तें पुरें झालें असें त्यांस वाटण्यापूर्वींच छापण्यास गेलें, अशी कथा सांगतात. कथा कशीही असो, पहिल्या वर्षीं ६,३५,००१ तिकिटें खपलीं.

हें तिकीट टपालाचें नव्हे. टपालकचेरींत तें मिळे, पण पत्रावर लावून चालत नसे. शिकाऱ्यानें त्यावर शाईनें सही करावयाची आणि तें जवळ बाळगावयाचें, एवढाच त्याचा उपयोग. तरी शिकारीशीं सुतराम संबंध नसलेले संग्राहकही तें विकत घेऊं लागले, केवळ चित्रासाठीं. आणि त्यांचाही पैसा दलदलींकडे गेला.

आरंभींचीं पंधरा-सोळा वर्षें नामांकित चित्रकारांकडून चित्रें मागविलीं जात. १९४९ सालीं मात्र स्पर्धा सर्वांस खुली झाली. ६५ चित्रकारांनीं ८८ चित्रें धाडलीं, आणि वॉल्टर वेबर यांच्या दोन शुभ्र हंसांची निवड होऊन तीं १९५० च्या तिकिटावर आलीं. तेव्हांपासून ही चढाओढ दरसाल चालते. जिंकणाऱ्यास सरकार रोख बक्षीस देत नाहीं; स्वतःच्या चित्राच्या तिकिटांचा एक ताव, खात्याच्या मंत्र्याच्या सहीनिशीं, हाच मान. पण मूळ चित्राच्या प्रती विकण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, आणि त्यांतून कित्येकांचें नशीब उघडलें. आयोवाचे मेनार्ड रीस पांच वेळां जिंकले. मिनेसोटाच्या हॉटमन घराण्यांतील तीन भावांनीं मिळून डझनाहून अधिक वेळां बाजी मारली. नॅन्सी हाउ या १९९० सालच्या स्पर्धेंत पहिल्या आलेल्या पहिल्या स्त्री. पहिल्या तिकिटानंतर त्यास छप्पन वर्षें लागलीं, ही गोष्ट कलेच्या दरबारांतही विसरण्याजोगी नाहीं.

पैशाचा मार्ग प्रारंभीं इतका सरळ नव्हता. पुष्कळ रक्कम राखीव क्षेत्रांच्या देखभालींत मुरे. १९५८ च्या दुरुस्तीनें मात्र छपाईचा खर्च वजा जातां उरलेला पैसा जमिनीकडेच वळला. तिकिटाची किंमतही वाढत वाढत २०१५ पासून २५ डॉलरांवर आली. आजवर या पैशानें ६० लाख एकरांहून अधिक पाणथळ व गवताळ भूमि राखली गेली आहे. तथापि शिकार आणि चित्र यांचा हा संसार नेहमींच गोडीगुलाबीचा नव्हता. २०२० सालीं चित्रांत शिकारीची कांहींतरी खूण असलीच पाहिजे, असा नियम निघाला. मग बदकाशेजारीं रिकामीं काडतुसें आणि बदकाचा आवाज काढण्याच्या शिट्ट्या पाण्यांत दिसूं लागल्या. बदकाचें चित्र काढावयाचें कीं पाण्यांतला केर काढावयाचा, असा सवाल उठला. पुढच्याच वर्षीं ती सक्ति गेली.

हिंदुस्थानांतही बदकांचीं चित्रें शिकाऱ्यांसाठीं छापलीं गेलीं. ह्यूम आणि मार्शल यांचा शिकारी पक्ष्यांवरील त्रिखंडात्मक ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळांत निघाला. त्यांतील कित्येक चित्रांवर खुद्द ह्यूमच नाराज होते. राष्ट्रसभेच्या स्थापनेंत ज्यांचा हात होता, तेच हे ह्यूम. परंतु बंदूकवाल्याकडून पाण्याची किंमत वसूल करण्याची कल्पना येथें रुजली नाहीं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती रुजण्याचा प्रश्नच उरला नाहीं.

तरी भंडाऱ्याच्या बदकांचें भाडें कोणीं भरलेंच नाहीं, असें नव्हे. पूर्व विदर्भांत साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. चांद्याच्या गोंड राजांनीं तलाव बांधणारास त्याच्या पाण्यानें भिजेल तितकी जमीन देऊं केली, अशी परंपरा आहे. आणि कोहळी लोकांनीं पिढ्यानपिढ्या पाळी घालून, तुडुम बसवून ते उभे केले. बांधणाऱ्यांचें लक्ष धानाकडे होतें. उथळ पाणी, हळूहळू उघडी पडणारी चिखलट कड, कमळें आणि देवधान हीं अडई, काणूक, तलवार बदक यांच्या पदरांत आपोआप पडलीं. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाले, आणि ज्या गाळाचा उपसा गांव करी तो तसाच सांचूं लागला. बेशरमीचीं झुडपें कडांवर माजलीं.

गोसीखुर्दचें पाणी या तलावांहून निराळें. तें खोल आहे, सिंचनाच्या गरजेप्रमाणें चढतें-उतरतें, आणि नाग व कन्हान या नद्यांच्या वाटेनें नागपूर शहराचें सांडपाणी त्यांत येऊन मिळतें. विस्तार मोठा असला म्हणून प्रत्येक बदकास तेथें चारा मिळेलच असें नाहीं. गढूळ, खोल पाण्याखालीं वनस्पति वाढत नाहीं, आणि चोंच बुडवून चरणाऱ्या पाखरास वीतभर पाणीच लागतें.

शेजारच्या गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत, ढिवर मच्छीमारांनीं कांहीं तलावांतील बेशरम मुळासकट उपटून काढली, तळ नांगरला आणि पूर्वींच्या पाणवनस्पति आणून लावल्या. हेतु मासळीचा होता. पहिल्यानें मासे वाढले. मागून हिवाळ्यांत पाखरेंही उतरूं लागलीं.