बंदूक, कोयता आणि पोहरा

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असे मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. सातवी शिकलेल्या बाईने इतिहासावर काय लिहावे? पण आमच्या माजघरातील एक खुंटी हल्ली रिकामी आहे, आणि तिची हकीगत सांगू लागले की इतिहासात शिरावेच लागते. म्हणून हे धाडस केले आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

त्या खुंटीला आमच्या मामंजींची ठासणीची बंदूक असे. वानर व रानडुकरे यांच्यापासून पिकाची राखण करण्यासाठी तिचा परवाना होता. लग्न होऊन मी केळशीला आले तेव्हा तिच्याकडे बघायलाही भीत असे. पुढे तिच्यावरची जळमटे मीच झाडू लागले. "घरात बंदूक आहे, काही काळजी नाही," असे मामंजी म्हणत, आणि आम्हां सर्वांना ते खरे वाटे.

बंदुकीला परवाना का लागतो, याची गोष्ट जाणण्यासारखी आहे. १८५७ च्या उठावाची धास्ती इंग्रजांनी फार दिवस बाळगली. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ साली त्यांनी हत्यारांचा कायदा केला. परवान्यावाचून बंदूक ठेवता येईना, तलवार घेऊन हिंडताही येईना. युरोपियनांना मात्र त्यातून सूट! मनाला लागण्यासारखीच गोष्ट ती. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. स्वराज्य आल्यावर १९५९ साली नवा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. परवाना राहिलाच, पण त्या कायद्यात एक मौजेची गोष्ट आहे. केवळ घरकामाच्या किंवा शेतीच्या उपयोगाची वस्तू, जसे की लाठी वा साधी हातकाठी, हिला शस्त्र समजू नये असे त्यात म्हटले आहे. म्हणजे आपल्या घरातली कामाची अवजारे सरकारने आपल्याकडेच ठेवली!

तोफा-बंदुका असल्या की निभावलेच, असेही इतिहास सांगत नाही. आपल्याजवळचा हर्णैचा सुवर्णदुर्ग पाहा. १७५५ च्या एप्रिलात इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. किल्ल्यात तोफा होत्या, दारूगोळा होता. पण गवती छपरे पेटली, आग दारूकोठारापर्यंत गेली आणि कोठारच उडाले. रक्षणासाठी साठविलेलेच घातास कारण झाले. उलट नाशिकजवळचा रामसेज किल्ला. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा मावळ्यांनी लाकडाचे ओंडके कोरून, त्यांवर कातडे चढवून तोफा केल्या, असे खाफीखान या मोगलांकडच्याच इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. किल्ला पुष्कळ वर्षे झुंजला. नसलेल्याची खंत न करता असलेल्यातून मार्ग काढावा, हे त्यांनी दाखविले.

हे सारे मला खरे उमगले ते ३ जून २०२० रोजी. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर आले. त्या दिवशी आपल्या केळशीने काय सोसले ते वाचणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. माडपोफळी मोडून पडत होत्या, कौले पाचोळ्यासारखी उडत होती. आमच्या माजघरावरचे छप्पर उघडे पडले, तसे आमचे हे आधी धावले ते बंदुकीकडे! ती भिजेल, हरवेल, मग परवान्याचे काय, या काळजीने तिला घोंगडीत गुंडाळून ते कोपऱ्यात धरून बसले. सासूबाई तशाही स्थितीत म्हणाल्या, "अरे, तिने आपल्याला राखायचं की आपण तिला?"

इतक्यात शेजारच्या आजींच्या पडवीवर फणस कोसळला. आजी आत अडकल्या. हाक ऐकू येई, वाट दिसेना. तेव्हा ह्यांनी बंदूक सासूबाईंच्या हाती दिली, कमरेला आकडी बांधली आणि कोयता घेतला. मी दोर घेऊन मागे गेले. फांद्या तोडता तोडता अर्धा तास गेला असेल. आजी सुखरूप निघाल्या. पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती, फोन मुके, विहिरींचे पंप बंद. ज्यांचे रहाट शाबूत होते, पोहरा नि दोर होता, त्यांच्या विहिरीवर सारी आळी पाणी भरी. आमचा पोहरा अडगळीत होता, त्याला पुन्हा मान मिळाला.

दोन वर्षांनी मामंजी गेले. बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. परवाना आपल्या नावे करून घ्यावा, असे ह्यांच्या मनात होते. वडिलांची आठवण होती ती. मी काही बोलले नाही. निर्णय सासूबाईंनीच दिला, "त्यांची आठवण कोयत्यालाही आहे. मूठ त्यांनीच बसवलेली आहे." तेव्हापासून खुंटी रिकामी आहे. वानरांचा त्रास सुटलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते; त्यांच्यासाठी गोफण, पत्र्याचे डबे आणि आपला घसा एवढीच साधने आहेत.

मंडळाच्या भगिनींना माझी एकच विनंती आहे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येकीने घरात एक पेटी भरावी. धार लावलेला कोयता, मजबूत दोर, विजेरी नि तिचे मसाले, काडेपेटी, औषधे, प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रे, आणि एक शिटी. फोन चालू असेल तर ११२ हा क्रमांक आहेच. पण तो मुका झाला तर शिटी शेजारणीला ऐकू जाते. आणि शेजारीण धावून येईल इतका घरोबा वर्षभर राखावा. त्याला परवाना लागत नाही.