दोन थायमिनांमधला पारा

नवी मुंबईत पारा दोनदा भेटतो. एक उन्हाळ्यात बातम्यांमधून चढणारा, दुसरा खाडीच्या गाळात बसलेला. आज बोलायचंय ते दुसऱ्याविषयी, आणि त्याला पकडू पाहणाऱ्या डीएनएविषयी.

१९८१ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचाच ऋणाग्र असे, आणि अशा कारखान्यांच्या सांडपाण्याबरोबर पारा बाहेर पडे. जपानमधल्या मिनामाताचा आजार तर १९५६ मध्येच उघडकीला आला होता.

आता गंमत बघा. १९५२ मध्ये, म्हणजे वॉटसन आणि क्रिक यांच्या दुहेरी पेडाच्या एक वर्ष आधी, सिडनी कॅट्झ यांनी डीएनएच्या द्रावणात पाऱ्याचा क्षार घातला. द्रावणाचा चिकटपणा घटला. पारा काढून घेतल्यावर तो परत आला. म्हणजे डीएनए तुटला नव्हता, पाऱ्याने त्याला फक्त धरलं होतं. पुढे १९६३ मध्ये त्यांनी सुचवलं की पाऱ्याचा आयन दोन थायमिनांच्या मध्ये बसत असावा.

हे जरा नीट समजून घेऊ. एरवी थायमिनची जोडी ॲडेनिनशी, दोन हायड्रोजन बंधांनी. समोरासमोर थायमिन-थायमिन आले तर जोडी नीट जमत नाही, पेड तिथे कच्चा राहतो. पाऱ्याचा आयन आला की दोन्हीकडचा एकेक हायड्रोजन सुटतो आणि दोन नायट्रोजनांच्या मध्ये पारा सरळ रेषेत बसतो. कच्ची जागा पक्की होते.

धातूने जोडी बांधता येते, तर जोडीदारही आपणच का बनवू नयेत? टोकियोत शिओनोया आणि तनाका यांनी १९९९ पासून हाच रस्ता धरला. २००३ मध्ये त्यांनी कृत्रिम बेसांच्या डीएनएमध्ये तांब्याचे ५ आयन एका ओळीत बसवून दाखवले. २००५ मध्ये म्युनिकला कॅरेल यांच्या गटाने बनवलेल्या तांब्याच्या जोडीमुळे पेड उलगडण्याचं तापमान ४० अंशांहून जास्त वाढलं.

आणि २००४ मध्ये ओनो आणि तोगाशी यांनी कॅट्झच्या जुन्या निरीक्षणाचं मोजमापाचं साधन केलं. दोन्ही टोकांना थायमिन, एका टोकाला चमकणारा रेणू, दुसऱ्याला चमक विझवणारा. पारा आला की धागा केसाच्या पिनेसारखा दुमडतो आणि उजेड मंदावतो. शोधमर्यादा ४० नॅनोमोलर, म्हणजे लिटरमागे सुमारे ८ मायक्रोग्रॅम. भारतीय मानक मात्र पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मायक्रोग्रॅमच चालवून घेतं. तेव्हा कल्पना सुंदर, पण पहिलं साधन आपल्या नळाच्या पाण्यालाही अपुरं होतं.

आणखी एक गोष्ट. मिनामातात माशांतून माणसांपर्यंत पोचला तो मिथाइल पारा. त्याचा एक हात मिथाइल गटात आधीच गुंतलेला असतो, उरलेल्या एका हाताने दोन थायमिनांमध्ये पूल कसा बांधणार? म्हणून धागा दुमडला नाही याचा अर्थ मासळी सुरक्षित, असा कुणी काढू नये. खाडीकाठच्या कोळ्याला हा फरक कळायला हवा, आणि तो सांगण्याची जबाबदारी मोजणाऱ्यांची आहे.