तळटीप : १७ डिसेंबरपासून बदललेली शीर्षके

* इथवर चिंतनांना ‘आगमनकाळ, दुसरा आठवडा, मंगळवार’ अशी शीर्षके होती. इथून पुढे तारखा आहेत. हा छपाईतला घोटाळा नव्हे. आगमनकाळाचे रविवार चारच, पण चौथा आठवडा किती दिवसांचा, हे नाताळच्या वारावर ठरते. २०२२ साली नाताळ रविवारी आला, तेव्हा आगमनकाळ पूर्ण २८ दिवसांचा होता. २०२३ साली तो सोमवारी आला आणि चौथा आठवडा एका रविवारातच आटोपला. म्हणून रोमन कॅथलिक उपासनेत १७ ते २४ डिसेंबरची वाचने तारखेला बांधलेली आहेत (मध्ये येणाऱ्या रविवाराची वेगळी). १७ तारखेला मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूची वंशावळ येते. नावांची ही लांबलचक यादी उरकून टाकण्याचा मोह कोणालाही होईल. प्रस्तुत लेखक मात्र तामार, राहाब आणि रूथ यांच्यापाशी थांबतो, ते योग्यच. नाताळानंतरही काही दिवस तारखाच चालतात : २६ला स्तेफन, २७ला योहान, २८ला हेरोदाने मारविलेली बेथलेहेमची बालके. प्रकटीकरणाचा सण अनेक देशांत आता ६ जानेवारीऐवजी जवळच्या रविवारी होतो. गोव्यात रेइश मागूशचे तीन राजांचे फेस्त मात्र ६ तारखेचेच.