‘स्वेच्छेने’ : कलम ३७७ आणि जबाबदारीचा प्रश्न



माणसाला स्त्रीविषयी ओढ वाटावी की पुरुषाविषयी, हे तो स्वतः ठरवतो काय, आणि त्याबद्दल त्याला जबाबदार धरता येईल काय, हा आजचा विषय आहे. हा विषय चारचौघांत बोलण्याजोगा नाही असे पुष्कळांना वाटेल. परंतु ज्या गोष्टीसाठी सरकारने दीडशे वर्षे माणसांना तुरुंगाची भीती घातली, ती गोष्ट चारचौघांचीच झाली. आम्ही डॉक्टर नाही, वकीलही नाही. कामगारांची गाऱ्हाणी मांडता मांडता कायद्याची पुस्तके वाचावी लागली, आणि त्यांतला एखादा शब्द माणसाला कसा तारतो आणि कसा मारतो हे पाहण्याची सवय लागली. म्हणून एका शब्दापासूनच सुरुवात करतो.

तो शब्द ‘स्वेच्छेने’. भारतीय दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या ३७७ व्या कलमाचा आशय असा की, जो कोणी निसर्गक्रमाविरुद्ध पुरुषाशी, स्त्रीशी अथवा पशूशी स्वेच्छेने संग करील, त्याला जन्मठेपेपर्यंत अथवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा व्हावी. आता हे कलम नीट वाचा. आरोपीने आपल्या मर्जीने केले काय, एवढेच ते विचारते. समोरच्याची मर्जी होती काय, हे विचारतच नाही. म्हणजे एखाद्यावर बळजबरी करणारा नराधम आणि बंद दाराआड एकमेकांच्या खुषीने राहणारी दोन प्रौढ माणसे, दोघे एकाच पिंजऱ्यात! मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली केलेल्या मसुद्यात संमतीचा प्रकार आणि विनासंमतीचा प्रकार अशी दोन वेगळी कलमे होती. शिक्षा दोन्हीकडे जबर होती, पण निदान भेद होता. पुढे तो भेदही गेला. आणि या किळसवाण्या विषयाची जाहीर चर्चा होऊ नये, अशी इच्छा मेकॉलेने तेव्हाच नमूद करून ठेवली होती. शिक्षा द्यावी, पण बोलू नये, असा हा न्याय.

‘स्वेच्छेने’ या शब्दाशी आम्हां युनियनवाल्यांची जुनी ओळख आहे. ‘कामगाराने करारावर स्वेच्छेने अंगठा उठवला आहे,’ असे मालकाचा वकील म्हणतो. घरी चूल पेटलेली नसताना ती इच्छा किती मोकळी होती, हे तो विचारीत नाही.

ही ओढ ऐच्छिक नाही, उपजत आहे, असे भर सभेत सांगण्याचे धैर्य कार्ल हाइनरिख उलरिक्स या जर्मन कायदेपंडिताने दाखवले. २९ ऑगस्ट १८६७ रोजी म्युनिक येथे जर्मन कायदेपंडितांच्या परिषदेत तो बोलावयास उभा राहिला. निसर्गानेच जी ओढ दिली तिला निसर्गविरुद्ध ठरवून शिक्षा कशी करता, हा त्याचा सवाल. सभेत एवढा गोंधळ झाला की त्याला भाषण आवरते घ्यावे लागले. पुढे डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १८९७ साली बर्लिनमध्ये समिती स्थापन केली आणि पुरुषांमधील संबंधांना गुन्हा ठरवणारे जर्मन कलम १७५ रद्द व्हावे म्हणून सह्यांची मोहीम चालवली. त्यांच्या संशोधनसंस्थेचे काय झाले? ६ मे १९३३ रोजी ती लुटली गेली आणि चार दिवसांनी तिथली पुस्तके भर चौकात जाळली गेली. नाझी अमदानीत या कलमाखाली सुमारे ५० हजार पुरुषांना शिक्षा झाल्या. हजारो छळछावण्यांत गेले.

यातून एक कडू धडा निघतो. ‘उपजत आहे’ एवढे सिद्ध झाले म्हणजे माणूस सुटला, असे नव्हे. उपजत म्हटले की दयाळू माणूस क्षमा करतो, शहाणा म्हणवणारा औषध सुचवतो आणि क्रूर माणूस ‘हे बीजच नको’ म्हणतो. अॅलन ट्यूरिंग या थोर गणितज्ञाला १९५२ साली इंग्लंडात याच आरोपावरून दोषी ठरवले. तुरुंग टाळायचा तर शरीरात हार्मोने टोचून घ्यावी लागतील, असे सांगितले गेले. त्याने हार्मोने पत्करली. यालाही कागदावर ‘स्वेच्छा’च म्हणत असतील!

आपल्याकडे ही कोंडी फोडण्याचा यत्न मुंबईत झाला. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत होते. वाचक आपल्या खाजगी अडचणी लिहून विचारीत, कर्वे शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध असे ते प्रश्न. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयात उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोकांनी प्रश्न विचारले तर जाणकाराने उत्तर द्यावे, ही त्यांची भूमिका. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ साली कर्वे वारले तोवर चालले.

मग आजचे शास्त्र काय म्हणते? अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलिंगी ओढ रोगांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून अधिक माणसांच्या आनुवंशिकतेची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात असा एकच एक जनुक सापडला नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा दिसला, आणि जनुके पाहून कोणाचे भाकीत करता येत नाही हेही दिसले. म्हणजे कारण एकेरी नाही. पण कारण गुंतागुंतीचे आहे म्हणून ती निवड ठरत नाही. श्रोत्यांतील संसारी गृहस्थांनी स्वतःलाच विचारावे, स्त्रीकडे ओढ घ्यायची हे आपण कोणत्या दिवशी ठरवले? समजुतीने, धाकाने वा विजेच्या झटक्यांनीही ही ओढ पालटत नाही. असले ‘उपचार’ म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली कळवले आहे.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे या माणसांवर कसलीच जबाबदारी नाही काय? आहे, तुमच्याआमच्यावर आहे तेवढीच. ओढीचा जाब नाही, वागण्याचा आहे. बळजबरी करू नये, अजाणाला हात लावू नये, कोणाला फसवू नये. ओढ लपवून एखाद्या मुलीशी लग्न करणारा तिचे आयुष्य नासवतो, हे खरेच. पण त्याला बोहल्यावर ढकलणारे आईबाप, काका, मामा त्या पापाचे भागीदार नाहीत काय? खरे बोलणाऱ्याला आपण घराबाहेर काढणार, आणि खोटे बोलला तर जबाबदारी एकट्या त्याची म्हणणार!

नोकरीचेही तसेच. प्राध्यापक रामचंद्र सिरस हे नागपूरकडचे, मराठीचे कवी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे त्यांच्या घरात घुसली आणि एका रिक्षावाल्याबरोबर असताना त्यांचे चित्रीकरण केले. गुन्हा घुसणाऱ्यांचा, निलंबित झाले सिरस! १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते राहत्या खोलीत मृत सापडले. त्या रिक्षावाल्याविषयी बोलणारे तर थोडेच निघाले.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध कलम ३७७ मधून मुक्त केले. त्या निकालात दोन्ही आधार आहेत. ही ओढ नैसर्गिक आहे, आणि जोडीदार कोण असावा हे ठरवणे हा माणसाचा हक्कही आहे. आम्हांला दुसरा आधार अधिक भक्कम वाटतो. आपण धर्म बदलतो, गाव बदलतो, युनियनसुद्धा बदलतो. ती निवड असते, तरी तिला संरक्षण मागतो. कोणाचे नुकसान होत नसेल तर निवड असली म्हणून काय बिघडले?

मात्र संमतीचा जुना घोळ अजून मिटलेला नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ सारखे कलमच नाही. खुषीचे संबंध आधीच मोकळे होते. आता प्रौढ पुरुषावर बळजबरी झाली तर बलात्काराचे म्हणून लावायला कलम उरले नाही. १८६० च्या कायद्याने संमतीचा प्रश्न विचारला नाही, आणि नव्या कायद्यानेही तो पुरता विचारला नाही. तो विचारून घेणे हे आता नागरिकांचे काम आहे. त्यासाठी कोणाची ओढ कशी आहे हे जाणण्याची गरज नाही.