भूमिगत टाक्यांची गळती : सफाईचे कायदेशीर दायित्व

जमिनीखालच्या टाकीतून किंवा तिच्या जोडनळ्यांतून पेट्रोल, डिझेल, फर्नेस ऑइल अथवा रसायन मातीत झिरपले, तर गळती थांबवणे, यंत्रणांना कळवणे, माती-पाणी स्वच्छ करणे आणि बाधितांना भरपाई देणे ही टाकी बाळगणाऱ्याची कर्तव्ये ठरतात. अमेरिकेने 1984 मध्ये अशा टाक्यांसाठी वेगळी कायदेशीर तरतूद केली. गळतीचा संशय येताच 24 तासांत कळवण्याचे बंधन तिथे आहे. भारतात या टाक्यांसाठी एकच कायदा नाही. कर्तव्ये आहेत, पण ती पाच-सहा कायद्यांत विखुरलेली.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत हा प्रश्न रोजच्या जगण्याशी भिडलेला आहे. वाहनांचे सुटे भाग, अभियांत्रिकी आणि इलेक्ट्रोप्लेटिंग हे इथले मुख्य धंदे. भट्ट्यांना आणि जनरेटरना तेल लागते, मुंबई-आग्रा महामार्गावर पेट्रोल पंप आहेत आणि वसाहतीला लागूनच सिडकोची दाट वस्ती आहे. परिसरातले पाणी नंदिनी, म्हणजे जुन्या नावाने नासर्डी, नदीतून गोदावरीला मिळते.

खालची जमीन दख्खनच्या बेसाल्टची. वर माती आणि मुरूम, त्याखाली भेगाळ कातळ. पाणी या भेगांतून वाट काढते, त्यामुळे झिरपलेले तेल कोणत्या दिशेने गेले हे वरून पाहून सांगता येत नाही. शेजारची विहीर कोरी राहून दूरच्या बोअरवेलला वास येऊ शकतो. पेट्रोल पाण्यावर तरंगते, पण त्यातले बेंझीन काही अंशी पाण्यात विरघळते आणि बेंझीन कर्करोगकारक आहे. शिवाय पावसाळ्यात भूजल चढते, उन्हाळ्यात उतरते. त्याच्यासोबत तेलाचा थर वर-खाली होतो आणि मधला सगळा मुरूम माखून टाकतो. म्हणून गळकी टाकी उपसून काढली की सफाई संपली, असे होत नाही.

पेट्रोलियम अधिनियम 1934 आणि पेट्रोलियम नियम 2002 यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. टाकीचा परवाना, चाचणी, सुरक्षित अंतरे हे सारे तिच्याकडे. पण या कायद्याचा पहिला विचार आगीचा आहे. अपघाताची खबर देण्याची सक्ती करणारे कलम 27 स्फोट किंवा आगीतून जीवितहानी वा गंभीर नुकसान झाले तर लागू होते. महिनोन्‌महिने मुकाट झिरपणारी टाकी त्यात बसत नाही. डिझेलसारख्या ‘ब’ वर्गाच्या तेलाचा एकूण साठा 2,500 लिटरच्या आत आणि प्रत्येक भांडे 1,000 लिटरपर्यंतचे असेल, तर परवानाही लागत नाही. अंबडमधल्या छोट्या कारखानदाराने ही सूट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती परवान्यापुरतीच आहे. सफाईच्या जबाबदारीला अशी किमान मर्यादा नाही.

ती जबाबदारी जल अधिनियम 1974 मधून येते. या कायद्याच्या व्याख्येत ‘प्रवाह’ या शब्दात भूगर्भातले पाणीही मोडते, आणि कलम 24 प्रदूषक द्रव्य प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर जाणूनबुजून सोडण्यास अथवा जाऊ देण्यास मनाई करते. सारा भर ‘जाणूनबुजून’वर आहे. रोज डिप रॉड घालून साठा मोजणाऱ्याला, हिशेबात न बसणारी घट दिसत असताना, माहीत नव्हते असे म्हणणे फार काळ शक्य नाही. अपघाताने गळती झाल्यास कलम 31 नुसार राज्य मंडळाला, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला, कळवावे लागते. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम 1986 चे कलम 9 त्यापुढे जाते. गळतीची नुसती भीती असली तरी उपाय करणे आणि कळवणे बंधनकारक आहे. सरकारी यंत्रणेने सफाई केली तर तिचा खर्च व्याजासह, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होऊ शकतो.

उकरलेली तेलकट माती कुठे टाकायची, हाही कायद्याचाच प्रश्न. तेलटाक्यांच्या सफाईतून निघणारा गाळ 2016 च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तेलाने भिजलेला मुरूमही मोकळ्या प्लॉटवर किंवा नाल्याकाठी लोटून देता येत नाही. असा घातक कचरा तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे जायला हवा. पेट्रोल पंपांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत नव्या पंपाने शाळा, रुग्णालये आणि वस्तीपासून 50 मीटर, आणि अडचणीतही किमान 30 मीटर, दूर राहावे असे सांगून तेल कंपन्यांवर गळतीची जबाबदारी टाकलेली आहे.

चूक दुसऱ्याची असली तर? जुलै 2021 मध्ये फलटण तालुक्यातल्या सासवड गावी पेट्रोल चोरण्याच्या प्रयत्नात भूमिगत वाहिनी फुटली. 2,000 लिटरहून अधिक पेट्रोल शेतात पसरले, पिके गेली, विहिरी नासल्या. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर तेल कोणामुळे सांडले याचा तपास होईतो थांबणे त्याला परवडत नाही. हरित न्यायाधिकरण अधिनियम 2010 चे कलम 17 म्हणूनच महत्त्वाचे: अपघाताच्या प्रकरणात दोष सिद्ध न करताही भरपाईचे दायित्व येते. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा बिछडी निकाल आहे. उदयपूरजवळच्या त्या गावात रासायनिक कारखान्यांच्या गाळाने विहिरींचे पाणी लालसर झाले होते. प्रदूषण करणाऱ्यानेच माती-पाणी पूर्ववत करण्याचा खर्च उचलावा, हे तत्त्व न्यायालयाने तिथे लागू केले. पैसे भरण्यात वर्षानुवर्षे चालढकल झाल्यावर 2011 मध्ये त्यावर चक्रवाढ व्याजही लावले.

सफाईची कार्यपद्धती मात्र बराच काळ नव्हती. 24 जुलै 2025 रोजी अधिसूचित झालेल्या दूषित स्थळ व्यवस्थापन नियमांनी ती दिली. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची सहामाही यादी द्यायची, राज्य मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर सर्वेक्षण आणि जबाबदार व्यक्तीची निश्चिती. समुद्रातले तेलप्रदूषण, खाणकाम आणि किरणोत्सारी कचरा यांतून वगळले आहेत.

नाशिककरांना दाद मागण्यासाठी न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई किंवा पूर्वस्थितीसाठीचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. सबळ कारण दाखवल्यास आणखी 60 दिवस मिळू शकतात.